तारण तारते कोणाला? सरकारी कागद आणि वायद्याचे सौदे

कर्जाच्या पाठीशी ठेवलेल्या वस्तूला मराठीत आपण ‘तारण’ म्हणतो. ‘गहाण’ म्हटले की जमीन किंवा राहते घर डोळ्यांपुढे येते आणि मन थोडे कचरते. ‘तारण’ या शब्दाने तसे होत नाही. त्याच्या उच्चारातच तारण्याचा, तरून जाण्याचा ध्वनी आहे, आणि म्हणून ऐकणाऱ्याला वाटते की ही आपल्याला सांभाळणारी काहीतरी व्यवस्था असावी. वाचकहो, या निबंधात मला एवढाच प्रश्न आपल्यापुढे ठेवायचा आहे, की तारण तारते कोणाला?

प्रश्न आजच विचारण्याचे कारण आहे. शेअर दलालीच्या पेढ्यांकडून अलीकडे एक सूचना घरोघरी पोहोचू लागली आहे. ‘आपले सरकारी कर्जरोखे नुसतेच पडून आहेत. ते विकू नका, फक्त तारण ठेवा. मालकी आपलीच राहील, व्याजही आपल्यालाच मिळेल आणि त्यांच्या बळावर वायदेबाजारात सौदे करता येतील.’ या सूचनेत खोटे असे काही नाही. पण ती पुरी नाही, आणि न सांगितलेला भाग कळण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षांचा हिशेब उलगडावा लागतो.

१. कागदावरचा विश्वास

सरकारी कर्जाच्या कागदाशी मराठी माणसाचा संबंध आजकालचा नाही. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिले. सालीना ८ लाखांच्या तनख्यातून जे शिलकीत पडले त्याचा मोठा भाग त्यांनी कंपनी सरकारच्याच कागदात गुंतवला. अफगाण युद्धाच्या वेळी तर त्यांनी कंपनीला ५ लाख रुपये कर्जाऊ दिले. १८५१ साली ते वारले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेत सुमारे १६ लाखांचे सरकारी कागद होते. ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच वचनचिठ्ठीवर पेशव्यांनी पुंजी ठेवावी, यातला विषाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या काळी पैसा ठेवायला याहून भक्कम जागा त्यांना दिसली नाही.

पुढे संस्थानिकांनीही हीच वाट धरली. इंदूरचे तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजावर दिले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे यांनी आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी ७५ लाख दिले. राजांचे पाहून दिवाण, कारभारी, वकील आणि पेन्शनर यांनी साडेतीन टक्क्यांच्या प्रॉमिसरी नोटा घेतल्या. १८८२ च्या विश्वस्त कायद्याने विश्वस्तांना ट्रस्टचा पैसा ज्या मोजक्या ठिकाणी गुंतवण्याची मुभा दिली, त्यांत सरकारी नोटा अगदी वरच्या जागी होत्या. देवस्थानांचे निधी, शिष्यवृत्त्या, ग्रंथालयांच्या ठेवी आणि विधवांची पुंजी या वाटेने सरकारी कागदात गेली. हा कागद श्रीमंत करणारा नव्हता. दर सहा महिन्यांनी ठरलेले व्याज देणारा होता, आणि घेणाऱ्याची अपेक्षाही तेवढीच होती.

या नोटेच्या पाठीवर सह्यांसाठी चौकोन छापलेले असत. नोट दुसऱ्याला द्यायची तर चौकोनात त्याचे नाव लिहून सही करायची, की मालकी हस्तांतरित झाली. कर्ज काढताना नोट तारण ठेवायची तरी पुष्कळदा हाच मार्ग असे. म्हणजे कागदापुरता सावकारच मालक होई आणि मूळ मालकाच्या हाती उरे ते सावकाराचे वचन. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

२. १८६५ : वाऱ्याला वाऱ्याचे तारण

बँक ऑफ बॉम्बे १८४० साली निघाली. सरकार स्वतः तिचे भागधारक होते आणि तिच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी बसत. मूळ कायद्याने तिच्या हातांना बेड्या घातल्या होत्या. कर्ज द्यायचे ते सरकारी कागद, सोने-चांदी किंवा गोदामातला माल यांच्या तारणावर. कंपन्यांच्या शेअरवर नाही. हा नियम करणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली होती. ज्या वस्तूचा भाव अफवेने चढतो आणि अफवेने पडतो, ती कर्जाचा आधार होऊ शकत नाही.

१८६१ च्या कायद्याने नोटा छापण्याचा अधिकार इलाख्याच्या बँकांकडून सरकारकडे गेला. त्यामुळे बँकांच्या सनदा नव्याने करणे भाग पडले. १८६३ च्या नव्या कायद्यात बँक ऑफ बॉम्बेच्या बेड्या सैल झाल्या आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट उघडली. वेळ नेमकी वाईट होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. काही वर्षांत कोट्यवधी पौंड मुंबईत आले. याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. त्यांनी वर्णिलेले ते उद्योगी शहर पुढच्या दोन वर्षांत सट्ट्याच्या तापाने फणफणणार होते.

आलेला पैसा ठेवायला जागा हवी म्हणून रोज नव्या बँका आणि नव्या ‘फायनान्शियल’ कंपन्या निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० वर गेला. सौदे रोखीचे नव्हते, मुदतीचे होते. आज भाव ठरवायचा आणि माल व पैसा पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचा. १ जुलै १८६५ ही तारीख पुष्कळ मोठ्या सौद्यांची मुदत होती. आजच्या भाषेत हाच वायदा.

हे सौदे पेलण्यासाठी पैसा कुठून आला? बँक ऑफ बॉम्बेकडून, आणि पुष्कळसा शेअरच्याच तारणावर. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द त्या बँकेत प्रमाण मानला जाई. ज्या शेअरचा भाव चढेल म्हणून कर्ज काढायचे तोच शेअर किंवा त्याचा भाऊबंद तारण ठेवायचा, असा तो व्यवहार होता. भाव चढत होता तोवर तारणही फुगत होते, तारण फुगले की आणखी कर्ज मिळे आणि त्या कर्जाने भाव आणखी चढे.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण गेला आणि अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले. ती बातमी मुंबईस पोहोचली आणि कापसाबरोबर सगळेच घसरले. १ जुलै उजाडला तेव्हा देणेकरी होते, घेणेकरी होते, पण पैसा नव्हता. दिवाळखोरीची प्रकरणे लवकर निकालात काढण्यासाठी त्या साली वेगळा कायदाच करावा लागला. बॅक बेचा शेअर २,००० च्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेने आपल्या २ कोटी ९ लाखांच्या भांडवलातील बहुतेक सगळे गमावले. १८६८ साली ती मोडीत निघाली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. १८७६ च्या कायद्याने इलाख्याच्या बँकांच्या हातांत जुन्या बेड्या पुन्हा पडल्या.

या प्रकरणाकडे लोकांच्या लोभाची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी आहेही. पण लोभ सगळ्याच काळांत असतो. इथे विशेष बिघडले ते तारण. ज्या वादळात सौदा बुडणार, त्याच वादळात तारणही बुडणार असेल तर ते तारण नव्हेच. सरकारी कागद तारण म्हणून चांगला मानला जातो याचे कारण हेच, की कापूस पडला म्हणून सरकारचे व्याज थांबत नाही. आजच्या वायदेबाजारात सरकारी रोख्यांना जवळजवळ रोखीचा मान आहे आणि शेअरना तो नाही, त्या नियमाच्या मुळाशी १८६५ चा धडा आहे.

३. कागद बुडत नाही, भाव बुडतो

म्हणून सरकारी कागद निर्धोक म्हणायचा का? आपल्या घरांपैकी कित्येकांनी याचे उत्तर पहिल्या महायुद्धात अनुभवले. १८९४ साली सरकारने चार टक्क्यांच्या कर्जाचे साडेतीन टक्क्यांत रूपांतर केले होते. या कागदांना परतफेडीची ठरलेली तारीख नव्हती. युद्धापूर्वी १०० रुपयांचा कागद ९५-९६ रुपयांच्या आसपास विकला जाई. युद्धाचा खर्च आला, सरकारने १९१७ साली ५ टक्क्यांचे आणि पुढे ६ टक्क्यांचेही कर्ज काढले. बाजारात ६ टक्के मिळत असताना साडेतीन टक्क्यांचा जुना कागद पुऱ्या किमतीला कोण घेणार? १९२०-२१ च्या सुमारास त्याचा भाव ६० रुपयांच्याही खाली आला.

सरकारने एक पैसाही बुडवला नव्हता. ज्याला कागद विकायचा नव्हता त्याचे व्याज पूर्वीसारखेच येत राहिले. महागाईने त्या व्याजाची किंमत घटली हे खरे, पण कागद हातचा गेला नाही. ज्याने मात्र त्या कागदावर कर्ज काढले होते, त्याच्याकडे सावकार आणखी तारण मागू लागला, आणि ते देता आले नाही तर कागद पडत्या भावात विकला गेला. कागद तोच आणि सरकारही तेच. एकाला ते थांबता आले आणि दुसऱ्याला आले नाही. थांबण्याची मोकळीक हेच सरकारी कागदाचे खरे बळ असते, आणि तारण ठेवताना आपण नेमकी तीच मोकळीक दुसऱ्याच्या हाती देतो.

४. १९९२ : पावती आहे, रोखा कुठे?

आता सत्तर वर्षे पुढे येऊ. स्वतंत्र भारतात बँकांनी आपल्या ठेवींचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत ठेवावा असा नियम होता. १९९० च्या सुमारास हे प्रमाण साडेअडतीस टक्क्यांवर गेले होते. एका बँकेकडे रोखे जास्त आणि रोकड कमी, दुसरीकडे उलटे. म्हणून ‘आज विकतो, अमुक दिवशी ठरल्या किमतीला परत घेतो’ असे सौदे चालत. त्यांना रेडी फॉरवर्ड म्हणत. नाव विक्रीचे असले तरी तत्त्वतः हे रोख्यांच्या तारणावर घेतलेले कर्जच.

रोखे हातात नसतील तर विकणारी बँक एक पावती देई, की रोखे आमच्याकडे आहेत, यथावकाश देऊ. तिला बँक रिसीट म्हणत. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयातली नोंदवही हाताने लिहिली जाई, नोंदी मागे पडत, आणि त्या अवधीत पावतीवरच भागवण्याची सवय लागली. मधले दलाल या फटीत शिरले. ज्यांच्या मागे रोखाच नाही अशाही पावत्या निघाल्या. त्या पावत्यांवर बँकांनी दिलेला पैसा शेअर बाजारात गेला. १९६९ साली बंदी घातलेले मुदतीचे सौदे तिथे ‘बदला’ या नावाने पुन्हा चालू होते, आणि तेजीवाल्यांना आपली खरेदी एका हिशेबातून पुढच्या हिशेबात ढकलायला पैसा हवाच होता.

एप्रिल १९९२ मध्ये हे उघडकीस आले. जानकीरामन समितीने बँकांची उघडी पडलेली रक्कम ४,००० कोटींच्या वर काढली. अशा पोकळ पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. सातारा जिल्ह्यातल्या गावाचे नाव लावणारी ही बँक १९९२ सालीच दिवाळ्यात निघाली. ज्या ठेवीदारांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नसेल, त्यांचाही पैसा काही काळ त्या सट्ट्याच्या ढिगाऱ्याखाली अडकला.

१८६५ साली तारण पोकळ होते, कारण त्याची किंमत वाऱ्यावर होती. १९९२ साली तारणाची जात उत्तम होती, प्रत्यक्ष सरकारी रोखा. पण तो जागेवर आहे की नाही हे कोणी उघडून पाहिले नाही. त्यानंतर व्यवस्था बदलली. १९९५ पासून रोखा आणि पैसा एकाच वेळी हस्तांतरित करण्याची पद्धत आली आणि २००२ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशन या सौद्यांच्या पुरतेपणाची हमी देऊ लागली. २००६ च्या सरकारी प्रतिभूती कायद्याने रोख्यावर तारणाची रीतसर नोंद करण्याची सोय दिली. पाठीवर सही करून मालकीच सोडून देण्याची जुनी गरज संपली.

५. २०१९ : किल्ली कोणाकडे?

दरम्यान जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत निर्देशांकाचे वायदे सुरू झाले होते. वायदा करणाऱ्याने अनामत ठेवायची, तिला मार्जिन म्हणतात. ती रोखीने द्यावी किंवा रोखे, शेअर यांच्या रूपाने. पण ग्राहकाचे रोखे बरीच वर्षे दलाल स्वतःच्या खात्यात वळवून घेत किंवा मुखत्यारपत्रावर हलवत. नोटेच्या पाठीवरची सही आठवते? नवे यंत्र आले होते, व्यवहार जुनाच होता. कागदापुरता दलाल मालक आणि ग्राहकाकडे त्याचे वचन.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने हैदराबादेतील एका मोठ्या दलाली पेढीविरुद्ध आदेश काढला. पेढीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या कर्जासाठी बँकांकडे तारण ठेवल्याचे त्या चौकशीत पुढे आले. हजारो ग्राहक असे होते की ज्यांच्यावर पेढीचे काहीही देणे नव्हते. त्यांचे शेअर परत मिळाले, पण त्याआधीची घालमेल त्यांनाच ठाऊक. सेबीने नियम बदलले. १ सप्टेंबर २०२० पासून तारण ठेवलेले रोखे किंवा शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतात, त्यांच्यावर फक्त तारणाची खूण उमटते आणि ती खूण उमटण्यासाठी ग्राहकाने स्वतः मोबाइलवर आलेल्या संकेताने संमती द्यावी लागते.

म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे इतिहासाने मोठी किंमत देऊन मिळवली. तारण सौद्याबरोबर बुडणारे आहे का? ते खरोखर जागेवर आहे का? आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे? सरकारी रोखा आज या तिन्ही कसोट्यांना बऱ्यापैकी उतरतो. पेढीवाले आपल्याला जे सांगतात ते म्हणूनच खोटे नाही.

६. न विचारलेला चौथा प्रश्न

आता नीट पाहा. हे तिन्ही प्रश्न मुख्यतः बाजार सुरक्षित राहावा म्हणून विचारलेले आहेत. वायदा करणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न त्यांत नाही.

एक हिशेब मांडू. समजा आपल्याकडे १० लाखांचे रोखे आहेत. पेढी त्यांची पूर्ण किंमत धरत नाही. भाव पडण्याच्या भीतीने काही कपात करते, बाजारात तिला हेअरकट म्हणतात. ती १० टक्के धरली तर ९ लाखांचे मार्जिन मिळाले. एकूण सौद्याच्या १५ टक्के मार्जिन लागते असे मानले तर या ९ लाखांवर ६० लाखांचा वायदा घेता येतो. पण नियमाप्रमाणे मार्जिनचा काही भाग रोखीत किंवा रोखीसारख्या तारणात असावा लागतो. सरकारी रोखा तिथे रोखीसारखा धरला जातो, हेच त्याचे आकर्षण. इथवर सारे गोड आहे.

बाजार ५ टक्क्यांनी विरुद्ध गेला तर ६० लाखांवर ३ लाखांचे नुकसान होते. वायद्यात नुकसान मुदतीच्या दिवसाची वाट पाहत नाही. रोज संध्याकाळी हिशेब होतो आणि तूट रोखीने भरावी लागते. इथे रोखा चालत नाही. रोखा दाराशी उभा राहायला चालतो, देणे फेडायला पैसाच लागतो. तो नसला तर पेढी आधी सौदा मोडते आणि मग रोखे विकून आपले पैसे वसूल करते. तो दिवस नेमका व्याजदर चढलेले असण्याचा, म्हणजे रोख्यांचा भाव पडलेला असण्याचा असू शकतो. वर्षाला सुमारे ७ टक्के देणाऱ्या १० लाखांच्या रोख्याचे चार वर्षांहून अधिक व्याज काही दिवसांत गेलेले असते.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरच्या वायदे आणि ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि सर्वांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. या लोकांचे तारण बुडाले नव्हते. तारणाने आपले काम चोख केले. समोरच्याचे पैसे त्याला मिळाले.

इंदूरच्या माणसाला सट्टा काय असतो हे वेगळे सांगायला नको. माळव्याच्या अफूवर आणि कापसावर इथे पिढ्यानपिढ्या सौदे झाले. वायदा ही वाईट वस्तू आहे असेही माझे म्हणणे नाही. ज्या गिरणीला पुढच्या महिन्यात कापूस लागणार आहे, ज्याच्या घरात खरोखर माल किंवा शेअर आहेत आणि ज्याला भावाच्या चढउतारापासून बचाव हवा आहे, त्याला वायदा उपयोगी पडतो. असा माणूस सरकारी रोखे तारण ठेवतो तेव्हा तो शहाणपणच करतो. रोकड अडकवून ठेवण्यापेक्षा व्याज देणारा कागद अडकवणे केव्हाही बरे. पण ज्याच्या मागे तसा कोणताही धंदा नाही, केवळ रोखे ‘नुसतेच पडून आहेत’ म्हणून जो वायद्यात उतरतो, त्याने चौथा प्रश्न स्वतःला विचारावा. सौदा उलटला तर रोखे न विकता भरण्याइतकी रोकड माझ्याकडे वेगळी आहे का?

‘नुसतेच पडून आहेत’ हे शब्दही तपासून घ्यावेत. आजोबांच्या त्या साडेतीन टक्क्यांच्या नोटा पेटीत पडून होत्या म्हणूनच युद्ध आणि भावाची पडझड सोसून टिकल्या. पडून राहणे हेच त्यांचे काम होते. आजच्या घरातही मुलीच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, पतीच्या किंवा पत्नीच्या मागे उरणाऱ्या दिवसांसाठी ठेवलेला रोखा पडून असेल तर तो रिकामा बसलेला नाही. त्याच्यावर आधीच एक तारण आहे, फक्त ते कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नाही.

तेव्हा आपल्या मोबाइलवर संमतीचा संकेत येईल आणि बोट कळीवर जाईल, त्या क्षणी एवढे आठवावे. १८६५ नंतर नियम पुष्कळ सुधारले, आणि ते सुधारले म्हणूनच तारण आता त्याचे काम अचूक करते. ते तारते घेणेकऱ्याला. आपल्याला तारायचे असेल तर ते काम आपल्या शिलकीतल्या रोकडीने, आणि नको त्या सौद्याला दिलेल्या नकाराने, करावे लागते.